पेट्रोल, डिझेल, सीएनजी, हायब्रिड की बॅटरी? पुढच्या गाडीबद्दल सोलापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलायला आलेला माणूस हल्ली बिल देता देता विचारतोच, "मालक, पुढची गाडी कुठली घेऊ?" त्यावर मी उलट विचारतो, "तुमचे किलोमीटर कुठं जातात? मधला मारुती ते सात रस्ता, की सोलापूर ते पुणे?" बहुतेकांना ते पटकन सांगता येत नाही, आणि खरी निवड तर तिथंच होते. खालचे प्रश्न काउंटरवर जसे येतात तसेच घेतलेत. काहींची उत्तरं लांब झाली आहेत, कारण तिथं पैसे अडकतात.

हायब्रिड गाडी चार्जिंगला लावावी लागते का?

नाही. हायब्रिड म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली गाडी. पेट्रोल भरा आणि चालवा. बॅटरी गाडी स्वतःच भरते, थोडी इंजिनवर आणि थोडी ब्रेक लावताना. चार्जरची वायर लागते ती प्लग-इन हायब्रिडला. तिच्याबद्दल पुढं आहे.

माझ्या गाडीवर हायब्रिडचा बिल्ला आहे, पण बॅटरीवर एक फूटही चालत नाही. फसवलं का?

फसवलं नाही, पण सांगणाऱ्यानं अर्धंच सांगितलं. तुमची माइल्ड हायब्रिड आहे. तिच्यात नेहमीच्या अल्टरनेटरच्या (बॅटरी भरणाऱ्या जनरेटरच्या) जागी जरा दांडगा स्टार्टर-जनरेटर असतो, तो पट्ट्यानं इंजिनला जोडलेला असतो आणि सोबत एक छोटी जादा बॅटरी असते. सिग्नलला इंजिन बंद होतं, क्लच दाबला की न खडखडता चालू होतं आणि उचल घेताना मोटर थोडा हात लावते. बस, इतकंच. चाकं फिरवायला इंजिनच लागतं. फायदा आहे, पण भाजीत मीठ असतं तेवढा.

स्ट्राँग हायब्रिड हा वेगळाच प्रकार. मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडरचे वरचे मॉडेल, होंडा सिटी हायब्रिड, इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड या त्या गाड्या. कमी वेगात इंजिन पूर्ण बंद ठेवून त्या निव्वळ मोटरवर जातात. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: "इंजिन बंद असताना ही गाडी पार्किंगमधून बाहेर निघते का?" उत्तर फिरवून आलं तर ती माइल्ड समजा.

स्ट्राँग हायब्रिड आतून चालते कशी?

टोयोटाच्या पद्धतीत इंजिन आणि दोन मोटर एका प्लॅनेटरी गिअरवर जोडलेले असतात. मधे एक दात्यांचं चाक, भोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेर एक कडं. कोणाची ताकद किती घ्यायची हे कॉम्प्युटर ठरवतो. क्लच नाही, गिअर पडत नाही, सीव्हीटी नावाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये असतो तसा पट्टाही नाही. झिजणारे भाग कमी असल्यामुळं मला ही रचना आवडते.

होंडाची तऱ्हा निराळी. शहरात इंजिन फक्त वीज तयार करतं आणि चाकं मोटर फिरवते. हायवेला एकसारखा वेग धरला की एक क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं.

दोन्हीकडं इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं असतं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, म्हणून दाबायचं मिश्रण कमी आणि फैलाव जास्त. ताकद थोडी कमी मिळते, पण पेट्रोलच्या उष्णतेतला जवळपास ४० टक्के भाग कामाला येतो. साध्या पेट्रोल इंजिनचा शहरातला हिशोब २५ ते ३० टक्क्यांचा असतो. ताकदीची कमतरता मोटर भरून काढते.

हायवेपेक्षा शहरात मायलेज जास्त? हे उलटं कसं?

साडेबाराशे किलोची गाडी ताशी ५० च्या वेगानं येते आणि आसरा चौकात लाल दिवा लागतो. त्या क्षणी गाडीत साधारण १२० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. साध्या गाडीत ती सगळी ब्रेक पॅड तापवण्यात जाते. तेवढा वेग पुन्हा घ्यायला इंजिन साधारण १३ मिली पेट्रोल पितं, म्हणजे अडीच चमचे. घरापासून दुकानापर्यंत पंधरा वेळा थांबलात की २०० मिलीला थोडंच कमी. हायब्रिडमध्ये ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होते आणि यातला बराच भाग बॅटरीत परत जातो. शिवाय थांबलेल्या वेळेत इंजिन बंद असतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत पार्क चौकाच्या आसपास अडकून बघा, बाजूचा पेट्रोल जाळत असतो आणि तुमची गाडी गप्प उभी असते.

आता सोलापूर–पुणे घ्या. अडीचशे किलोमीटर, ताशी ९०–१०० चा एकसारखा वेग. ब्रेकच नाही तर परत मिळवणार काय? तिथं वाऱ्याचा विरोध सगळं खातो आणि तो सगळ्या गाड्यांना सारखाच. हायब्रिड तिथंही पुढं असते, पण अंतर आटतं.

तुळजापूरच्या घाटाचं नेहमी विचारतात. उतरताना बॅटरी भरते हे खरं, पण हायरायडरची बॅटरी पाऊण युनिटची आहे. गाडी शंभर मीटर खाली उतरली की साधारण एक तृतीयांश युनिट ऊर्जा सुटते, म्हणजे बॅटरी लवकरच तुडुंब होते आणि पुढचा उतार इंजिनच्या ब्रेकवर काढावा लागतो. अशा वेळी इंजिनचा आवाज चढतो. तो बिघाड नाही.

जास्तीचे पैसे किती वर्षांत वसूल होतात?

माझे आकडे खाली देतो, तुमचे घालून तुम्ही पुन्हा मांडा. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं. शहरात साधी पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि स्ट्राँग हायब्रिड २२ देते असं धरलं. (ग्रँड विटारा-हायरायडरसाठी कंपनी सांगते तो २७.९७ चा आकडा चाचणीतला आहे. एसी लावून, घरच्यांना बसवून तो निघत नाही.) किलोमीटरला ७ रुपये विरुद्ध ४ रुपये ७७ पैसे, म्हणजे सव्वादोन रुपयांची बचत. दोन्ही मॉडेलच्या किमतीत दोन लाखांचा फरक असेल तर तो भरून यायला जवळपास ९० हजार किलोमीटर लागतात.

वर्षाला १२ हजार चालवणाऱ्याला साडेसात वर्षं. २५ हजार चालवणाऱ्याला साडेतीन. हायवेवाल्याचं मायलेज १८ आणि २१ धरलं तर बचत किलोमीटरला ८३ पैशांवर येते, आणि दोन लाख वसूल व्हायला २ लाख ४० हजार किलोमीटर! म्हणून जुळे सोलापुरात राहून दिवसभर शहरातल्या दुकानांत माल दाखवत फिरणाऱ्याला मी हायब्रिड सांगतो. फक्त लग्नकार्याला पुण्याला जाणाऱ्याला सांगत नाही. त्याला गाडीची शांतता आवडली असेल तर घ्यावी, पण मग "बचत" म्हणू नये.

आपल्या उन्हात, मे महिन्यात, कुठली गाडी टिकते?

पारा ४३ वर असताना टेस्ट ड्राइव्ह घेतलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही. साध्या आणि माइल्ड हायब्रिड गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर असतो. सिग्नलला इंजिन थांबलं की गार हवा थांबते, नुसता पंखा फिरतो आणि थोड्याच वेळात गाडी स्वतःहून इंजिन चालू करते. मग माणूस वैतागून ते ऑटो-स्टॉपचं बटणच बंद करतो. म्हणजे माइल्ड हायब्रिडचा निम्मा फायदा आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये मिळतच नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिन बंद असलं तरी गारवा राहतो.

पण एक लक्षात ठेवा, आणि एसीवाल्यालाही सांगा. विजेच्या कॉम्प्रेसरला वेगळं तेल लागतं, पीओई जातीचं, वीज न वाहू देणारं. गॅस भरताना त्यात नेहमीचं पीएजी तेल गेलं तर आतलं इन्सुलेशन खराब होतं आणि गाडी दोष दाखवून थांबू शकते. शंभर-दोनशे रुपये वाचवायला कुठंही गॅस भरू नका.

दुसरी गोष्ट जाळीची. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड करायला केबिनमधलीच हवा घेतात आणि त्याची जाळी मागच्या सीटजवळ असते. गेल्या उन्हाळ्यात एक टॉवेलवाले आले, मीटरवर बॅटरी तापल्याची खूण येत होती. मागची सीट टॉवेलच्या गठ्ठ्यांनी भरलेली. जाळी काढली तर आत फिल्टरवर टॉवेलची लव बसून बोटभर जाडीची पांढरी गादी झालेली. ब्रश आणि हवेचा पाइप, वीस मिनिटांचं काम. पैसे घ्यायलाही लाज वाटली (घेतले). जाळीपुढं सामान ठेवू नका आणि दर सर्व्हिसला फिल्टर बघायला सांगा.

बॅटरी गेली तर गाडीच्या किमतीएवढा खर्च येतो म्हणतात?

ही भीती लोक मोबाइल आणि इन्व्हर्टरच्या अनुभवावरून काढतात. मोबाइल आपण शून्यापासून शंभरपर्यंत वापरतो. हायब्रिडची बॅटरी कॉम्प्युटर मधल्या पट्ट्यातच खेळवतो, पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण उतरू देत नाही. म्हणून ती टिकते. टोयोटाची प्रायस जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये आली, म्हणजे हे तंत्र पाव शतकाहून जुनं आहे. आपल्याकडं मारुती आणि टोयोटाच्या स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी मिळते. बॅटरी स्वस्त नाही हे खरंच. सेकंड हँड घेत असाल तर वॉरंटीची उरलेली वर्षं आधी मोजा, रंग आणि सीट कव्हर नंतर बघा.

आणि डिकी जरूर उघडा. बॅटरीमुळं ग्रँड विटाराची डिकी ३७३ लिटरवरून २६५ वर येते. माहेरी जाताना चटणीचे डबे, चादरी आणि दोन पोरांच्या बॅगा ठेवणाऱ्यांना हा फरक पहिल्याच फेरीत कळतो.

डिझेल संपलं का?

मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू होताना डिझेल सोडलं, पण महिंद्रा, टाटा, ह्युंदाई, किया आजही विकतात. महिन्याला तीन हजार किलोमीटर, तेही सोलापूर–हैदराबाद किंवा सोलापूर–पुणे, गाडी भरलेली असेल तर डिझेलची ओढ आजही वेगळीच. साखर हंगामात मोहोळच्या पुढं ट्रॉल्यांच्या रांगेला ओलांडताना ते पायाला कळतं.

शहरात मात्र डिझेल घेऊ नका. एक्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाची काजळी अडवणारी चाळण असते. ती स्वतःला साफ करते काजळी जाळून, आणि त्याला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग पळणं. रोज शाळा आणि नवी पेठ, चार-चार किलोमीटर, असं करणाऱ्याची चाळण तुंबते. मग दिवा लागतो आणि लोक म्हणतात गाडी खराब निघाली. दिवा लागला की गाडी बंद न करता मोहोळपर्यंत जाऊन या, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. मोठ्या डिझेलमध्ये युरियाच्या पाण्याची वेगळी टाकीही असते. ती रिकामी झाली तर गाडी पुन्हा स्टार्ट होत नाही.

दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाते ना?

तो नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागासाठी आला. आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर तपासणी करून पुढं वाढवता येते. हे मी आठवड्यातून दोनदा सांगतो.

सीएनजी?

स्वस्तातलं उत्तर आहे आणि चांगलं आहे. कंपनीची गाडी घ्या, बाहेरून किट नको. टाकी २०० बारच्या दाबानं भरतात, दर तीन वर्षांनी तिची हायड्रो टेस्ट लागते. ६० लिटरच्या टाकीत आठ-नऊ किलो गॅस बसतो. टाटानं एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या खाली बसवून डिकी वाचवली, ही कल्पना झकास. अडचण दोनच: रांग आणि चढावरची मरगळ. रांगेतला अर्धा तास हिशोबात कोणी धरत नाही.

स्ट्राँग हायब्रिडला बाहेरून सीएनजी किट बसवता येईल का, असं विचारणारेही भेटतात. नको. वॉरंटी जाईल आणि कॉम्प्युटरचा मेळ बिघडेल.

टर्बो पेट्रोल घ्यावं की साधं?

एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो मोठ्या इंजिनाएवढं पळतं, मजा आहे. पण पाय जड असेल तर पेट्रोलही तसंच पितं. ऑइल वेळेवर बदला, लांबून पळवून आणल्यावर बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट चालू राहू द्या. दहा वर्षं ठेवणाऱ्याला मी साधं चार सिलिंडर सांगतो. जुनाट सल्ला आहे, असू दे.

ई-२० मुळं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळं) मायलेज पडलं. हायब्रिडलाही पडतं का?

सगळ्यांना पडतं, कारण ते रसायनातच आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळल्यावर शुद्ध पेट्रोलपेक्षा साडेसहा-सात टक्के ऊर्जा कमी, आधीच्या दहा टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्के. ई-२० साठी जुळवलेलं इंजिन यातलं काही भरून काढतं, कारण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सील तपासून घ्या.

आपल्या जिल्ह्यात या विषयावर तोंड सांभाळून बोलावं लागतं. ग्राहकाच्या एका हातात पंपाची पावती आणि दुसऱ्या हातात कारखान्याची उसाची पावती! उसाच्या रसापासून थेट केलं तर टनाला सुमारे ७० लिटर इथेनॉल निघतं, शेवटच्या मळीपासून केलं तर १०–११ लिटर. पुढं फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे इथेनॉलचं प्रमाण कितीही असलं तरी चालणाऱ्या, गाड्या आल्या तर हायब्रिडशी त्यांची जोडी जमेल. इथेनॉलचं घटलेलं मायलेज मोटर भरून काढेल. ऑगस्ट २०२३ मध्ये नितीन गडकरींनी इनोव्हाचा असा नमुना दिल्लीत दाखवला होता.

मग सरळ बॅटरीचीच गाडी का घेऊ नये?

घरी स्वतःचं पार्किंग आणि मीटर असेल, दुसरी एखादी गाडी लांबच्या प्रवासाला असेल, तर घ्याच. किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट लागतं. युनिट १० रुपयांना पडलं तरी दीड रुपया किलोमीटर. हायब्रिड याच्या जवळपासही येत नाही. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर जाऊन-येऊन आरामात होतं.

पुण्याला ४५ युनिटच्या बॅटरीवर एका दमात पोचणं जमतं, पण एसी आणि वेग धरला तर शिल्लक फार उरत नाही. हायवेच्या हॉटेलांवर चार्जर आहेत. ते मोकळे असतील असं धरून निघू नका. उन्हाचं म्हणाल तर एलएफपी जातीची बॅटरी उष्णता बरी सोसते. आणि भाड्याच्या वाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहून वायर खाली सोडणाऱ्यांनो, कृपा करा.

वीज शेवटी फताटेवाडीच्या कोळशाचीच ना?

टोमणा बरोबर आहे, म्हणून हिशोबच केला. फताटेवाडीतल्या एनटीपीसीच्या वीजकेंद्राच्या ६६०-६६० मेगावॉटच्या दोन संचांसकट देशाची सगळी वीज धरली तर युनिटमागं साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. ०.१५ युनिटचे झाले १०५ ग्रॅम. पेट्रोलचा लिटर जळला की २.३ किलो. लिटरला २२ देणाऱ्या हायब्रिडचे किलोमीटरला तेही १०५ ग्रॅम, १५ देणाऱ्या साध्या गाडीचे १५३. आज बॅटरी आणि हायब्रिड जवळपास बरोबरीत. फरक उद्याचा आहे: सौरवीज वाढेल तसा पहिला आकडा खाली येईल, पेट्रोलचा येणार नाही. आणि बॅटरीच्या गाडीचा धूर निदान बाळीवेशीत, पोरांच्या नाकासमोर निघत नाही.

प्लग-इन आणि रेंज एक्स्टेंडर म्हणजे?

प्लग-इनमध्ये मोठी बॅटरी असते. घरी चार्ज करून रोजचं शहर विजेवर आणि लांबचं पेट्रोलवर. रेंज एक्स्टेंडरमध्ये इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं, ते नुसतं जनरेटर. कागदावर सोलापूरला हीच रचना सगळ्यात जुळते: आठवडाभर जुळे सोलापूर, रविवारी पुणे. पण भारतात प्लग-इन अजून महागड्या गाड्यांतच आहे. आपल्या बजेटमध्ये येईल तेव्हा या प्रश्नाचं उत्तर लांबवीन.

टॅक्समध्ये हायब्रिडला सूट आहे का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८. आजच्या स्ट्राँग हायब्रिड मोठ्या असल्यानं ४० च्या खान्यात बसतात, साध्या मोठ्या पेट्रोल गाडीबरोबरच. मला हे पटत नाही, पण आहे ते असं आहे. राज्याचा वाहन कर डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त आणि सीएनजीला कमी आहे. बॅटरीच्या गाडीला समृद्धी, मुंबई–पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर टोल माफ आहे. आपला पुणे रस्ता त्यात नाही.

हायड्रोजन?

तुमच्या पुढच्या गाडीत नाही.

सोलापुरात हायब्रिडची दुरुस्ती होते का?

ऑइल, ब्रेक, टायर, सस्पेन्शन कुठंही होतं. ब्रेक पॅड तर साध्या गाडीपेक्षा जास्त टिकतात, कारण निम्मा ब्रेक मोटरच मारते. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना मात्र हात लावायचा नाही, तुम्हीही नाही आणि कोपऱ्यावरच्या वायरमननंही नाही. त्यांत पावणेदोनशे व्होल्टपासून पुढं डीसी असतो. अपघात झाला, गाडीत पाणी शिरलं, तर टोइंगवाल्याला आधी सांगा की ही हायब्रिड आहे.

गाडी महिनाभर उभी होती, आता चालूच होत नाही. मोठी बॅटरी गेली का?

बहुतेक वेळा गेली ती छोटी १२ व्होल्टची. हायब्रिडमध्येही ती असते आणि कॉम्प्युटर जागा करायचं काम तिचंच. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म. एक काका अमेरिकेला मुलाकडं जाऊन आले आणि घाबरून थेट गाडी विकायचा भाव विचारत होते. जंप दिला, अर्धा तास चालू ठेवली, झालं. बाहेरगावी जाणार असाल तर आठवड्यातून एकदा कोणाला तरी गाडी "रेडी"मध्ये अर्धा तास ठेवायला सांगा. तुमच्या हायब्रिडवरून शेजाऱ्याच्या ट्रकला जंप देऊ नका.

थांबू का आणखी दोन वर्षं?

आताची गाडी नीट चालत असेल तर थांबा, बिघडलेली असेल तर थांबू नका. दोन्ही वेळी तोवर एक काम करा: पंधरा दिवस रोज रात्री मीटरचा आकडा आणि त्या दिवशीचे शहरातले किलोमीटर वेगळे लिहा. टेस्ट ड्राइव्ह सकाळी मोकळ्या होटगी रोडवर घेऊ नका. दुपारी एक वाजता कोंतम चौकातून घ्या, एसी चालू ठेवून. मग तो कागद घेऊन या. वही नसेल तर आमच्या काउंटरवरून जुनी जॉब कार्डं न्या, मागची बाजू कोरी असते.